बार-एंड आरसा पुन्हा पुन्हा का फिरतो? बोल्ट आवळण्याआधी तपासायच्या गोष्टी

हँडलच्या टोकाला बसणारे आरसे, ज्यांना आता सगळेच बार-एंड आरसे म्हणतात, ते बसवून घेतलेल्या पुष्कळ जणांची तक्रार एकच असते. घरातून निघताना आरसा नीट लावलेला असतो; तीस-चाळीस किलोमीटर झाल्यावर मागची गाडी पाहायला नजर टाकावी तर त्यात स्वतःचा गुडघा दिसतो, नाहीतर आभाळ. मग गाडी बाजूला घेऊन आरसा हाताने वर करायचा, घरी आल्यावर अ‍ॅलन कीने बोल्ट आणखी पाव फेरा आवळायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझे हे दोन महिने चालले. शेवटी उलगडा झाला तेव्हा लक्षात आले की बोल्ट ढिला होतच नव्हता. तो मी गरजेपेक्षा जास्त पिळत होतो आणि त्या पिळण्यानेच आरशाची पकड दरवेळी थोडी कमी होत होती.

माझी गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची आहे. हँडल लोखंडी नळीचे असून आरसे ८० मिलिमीटर व्यासाचे, गोल आणि रबरी बुशवर बसणारे आहेत. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावला जाताना डावा आरसा पौड सोडल्यावर खाली झुकू लागे आणि मुळशी धरणाच्या कडेने जाईपर्यंत पूर्ण लोळलेला असे. उजवा त्या मानाने शहाणा होता, पण त्याची खोड निराळी होती. तिच्याविषयी पुढे लिहितो, कारण ती जास्त धोक्याची आहे.

आधी हे आरसे हँडलला धरून कसे राहतात ते समजून घेतले पाहिजे. ग्रिपच्या टोकाशी हँडलची नळी उघडी असते. तिच्यात रबराचा किंवा चिरा पाडलेल्या धातूचा बुश जातो, बुशच्या आतल्या टोकाला शंकूच्या आकाराचा नट असतो आणि बाहेरून आरशाच्या क्लँपमधून येणारा बोल्ट त्या नटात जातो. बोल्ट आवळला की नट बाहेरच्या दिशेने ओढला जातो, बुश दाबला जाऊन फुगतो आणि नळीच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकतो. आरसा जागेवर राहतो तो केवळ या टेकण्यातून होणाऱ्या घर्षणावर. नळीला आटे नाहीत, खाच नाही, पिन नाही. त्यामुळे बुश किती घट्ट फुगला आहे याच्याइतकेच तो भिंतीला किती लांबीवर टेकला आहे हेही महत्त्वाचे ठरते.

आरशावर पडणारा जोर मात्र आपल्याला वाटतो तेवढा नसतो. ८० मिलिमीटरच्या गोल आरशावर ताशी ८० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब हिशेबाने दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाइतका येतो, आणि आरशाचे स्वतःचे वजनही साधारण तेवढेच धरता येईल. एवढ्या जोराला नीट बसलेला बुश दाद देत नाही. आरसा फिरवतात ते खड्डे आणि इंजिनाची थरथर. इंजिन ४,००० आरपीएमला फिरत असेल तर हँडलला सेकंदाला सुमारे ६७ झटके बसतात, आणि प्रत्येक झटक्यात बुश केसभर सरकला तरी तासाभरात आरसा कुठच्या कुठे जातो.

नेमके काय फिरते आहे ते आधी ओळखा

बार-एंड आरशात फिरू शकणारे सांधे एकाहून जास्त असतात. नळीतला बुश फिरला तर सगळा आरसा हँडलच्या आसाभोवती वळतो. क्लँप आणि दांडी यांच्यातला सांधा सुटला तर दांडी पुढे-मागे झुकते. काचेमागचा बॉल जॉइंट सैल असेल तर दांडी जागेवर राहून फक्त काच कलते. गॅरेजमध्ये सहसा यातले काहीही न पाहता समोर दिसेल तो बोल्ट आवळला जातो.

माझी पद्धत साधी आहे. आरसा हवा तसा लावून झाला की घरातल्या नेलपॉलिशने तीन बारीक रेघा ओढायच्या: एक हँडलच्या स्थिर कडेवरून बुशच्या चकतीवर जाणारी, दुसरी चकतीवरून क्लँपवर आणि तिथून दांडीवर जाणारी आणि तिसरी दांडीवरून काचेच्या डबीवर जाणारी. उजवीकडे पहिल्या रेघेला स्थिर कड मिळत नाही, कारण तिथे रेसची ग्रिप आणि तिच्याखालची प्लॅस्टिकची नळी दोन्ही फिरतात. तिथे बुशची चकती आणि क्लँप यांवर वरच्या बाजूला एकेक ठिपका देऊन तो सरकला का ते पाहावे. मग नेहमीच्या रस्त्याने पन्नास किलोमीटर जाऊन यायचे. जी रेघ तुटली तो सांधा दोषी. नेलपॉलिश वाळल्यावर ठिसूळ होते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर हालचालही तिच्यात तडा पाडून जाते आणि वादाला जागा राहत नाही. एकही रेघ तुटलेली नसताना आरसा फिरलेला दिसला, तर दोष आपल्या नजरेत आहे. आपण बसण्याची पद्धत बदललेली असते, विशेषतः मागे कोणी बसल्यावर.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. शहरातल्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींना खेटून लावलेल्या असतात आणि शेजारची गाडी काढणारा माणूस आपला आरसा दाराच्या कडीसारखा धरून बाजूला सारतो. आरसा चालत्या गाडीवर फिरला की उभ्या गाडीवर, हे रेघ पाहिल्याशिवाय कळत नाही. रेघ पार्किंगमध्येच तुटत असेल तर बुश बदलून उपयोग नाही. दुमडता येणारी दांडी घ्यावी, म्हणजे धक्का बिजागरीवर जातो.

माझ्या डाव्या आरशाची पहिली रेघ तुटली होती. म्हणजे बुशच नळीत फिरत होता.

माप आतले, बाहेरचे नव्हे

इथे बहुतेक जण फसतात आणि मीही फसलो. आरशाच्या खोक्यावर ‘२२ मिमी हँडलसाठी’ असे छापलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींच्या हँडलचा ग्रिपखालचा बाहेरचा व्यास खरोखरच २२ मिलिमीटर असतो (काटेकोर बोलायचे तर २२.२, म्हणजे इंचाचा सात-अष्टमांश), त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण बुश बसतो नळीच्या आत, आणि आतला व्यास नळीच्या जाडीवर ठरतो. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी नळीत आत १८ मिलिमीटर जागा असते. त्याच बाहेरच्या मापाच्या, चार मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम हँडलमध्ये फक्त १४ उरते. एकाच खोक्यातला एकच बुश या दोन्ही हँडलांना सारखा धरील ही अपेक्षाच चुकीची आहे. काही मोठ्या क्रूझर गाड्यांचे हँडल तर एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचे असते. त्यांचा हिशेब वेगळा.

हे मला समजले ते भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे. मी त्याच्याकडे वेगळ्याच कामाला, बोल्टचे डोके पिळून गोल झाले होते म्हणून तो काढून घ्यायला गेलो होतो. त्याने बोल्ट काढला, बुश बाहेर घेतला, तो बोटांत फिरवून पाहिला आणि माझ्यासमोर धरला. रबर मधोमध पिंपासारखे फुगलेले होते आणि त्या फुगवट्यावर एक चकाकणारा पट्टा उमटला होता, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. बाकी सगळा बुश नव्यासारखा काळा आणि मळकट. “दादा, हा एवढाच टेकत होता,” तो म्हणाला, “बाकीचा हवेत. आणखी पिळाल तर बोल्ट तुटेल, आरसा नाही थांबायचा.” मग त्याने व्हर्नियर कॅलिपरचे आतले जबडे नळीत घातले. माप आले १७.६. बुश न फुगवता मोजला तर १५. म्हणजे त्याला चारी बाजूंनी सव्वा मिलिमीटरच्या वर फुगावे लागत होते, आणि रबर इतके फुगवायचे म्हटले की ते सरळ भिंतीसारखे न फुगता मध्येच फुगते.

घरी येऊन आरशाचे खोके उघडले तर तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरा, १७ मिलिमीटरचा बुश तसाच पडलेला होता. बसवणाऱ्या कारागिराने लहान बुश वापरला होता, कारण तो बोटाने सहज आत जातो. मोठा बुश थोडा दाबून, वळवत वळवत घालावा लागतो. तेवढ्या दोन मिनिटांसाठी माझे दोन महिने गेले.

तेव्हा नियम असा धरावा: बुश आवळण्यापूर्वीच नळीत ओढ घेऊन जायला हवा. तो आत टाकल्यावर खुळखुळत असेल तर तो लहान आहे. खोक्यात दुसरा बुश नसेल तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत बुश सुटा मागून पाहावा. जाताना आपले आतले माप कागदावर लिहून न्यावे. फरक थोडाच असेल, दोन-तीन दशांश मिलिमीटरचा, तर पितळी शिमची, म्हणजे पातळ पत्र्याची, एक पट्टी बुशभोवती गुंडाळून भागते. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो आणि तोही चालतो, फक्त कडा कानशीने मारून घ्याव्यात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तोही करून पाहिला आहे. पंधरा दिवस टिकतो, मग दोन रबरे एकमेकांवर घसरू लागतात.

नळी कोरडी आणि साफ असावी

मापाचा बुश घालूनही आरसा फिरत असेल तर नळीच्या आत पाहा. ग्रिप चढवताना लावलेले साबणाचे पाणी, तेल किंवा ग्रीस हमखास आत उतरलेले असते, आणि पावसाळ्यानंतर त्यात गंजाची भुकटी मिसळून एक प्रकारचा मळ तयार होतो. कापड ब्रेक क्लीनरमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, काडीला गुंडाळून, नळी सात-आठ सेंटिमीटर आतपर्यंत पुसावी. पेट्रोलने पुसू नये. ते उडून गेले तरी त्यातला तेलकटपणा मागे राहतो. त्यानंतर पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून आतली भिंत थोडी खरवडली की रबराला धरायला जागा मिळते.

लोखंडी नळी पत्रा वळवून सांधलेली असेल तर त्या सांध्याची एक उभी कड आत उमटलेली असते. माझ्या उजव्या बाजूला ती बोटाला स्पष्ट लागत होती. बुश त्या कडेवर चढून बसतो, दोन्ही अंगांना पोकळी राहते आणि कितीही आवळला तरी तो तिरका धरतो. गोल कानस घेऊन फक्त बुश पोहोचतो तेवढ्या लांबीत ती कड खाली आणावी. फार जोर लावण्याचे काम नाही, आणि कीस आत न राहता बाहेर येईल इतकी काळजी घ्यावी.

आता आवळण्याविषयी. बोल्ट फिरतो पण घट्ट होत नाही, असे झाले तर आतला शंकू बोल्टबरोबरच फिरत असतो. अशा वेळी आरसा हलकेच बाहेरच्या दिशेला ओढून धरावा आणि त्याच ताणात बोल्ट फिरवावा. शंकू बुशमध्ये रुतला की पुढचे काम सरळ होते. असे बोल्ट बहुधा एम-६ असतात आणि त्यांना ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. आरशासोबत आलेल्या कागदावर टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा असेल तर तोच पाळावा. माझ्या रबरी बुशला ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरले. त्यापुढे गेल्यास रबर चकतीच्या कडेने बाहेर येऊ लागते, आणि एकदा चेपून बसलेले रबर पूर्वस्थितीला येत नाही. दुपारच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर तर हे आणखी लवकर होते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा बोल्ट तपासावा, कारण नवे रबर थोडे बसतेच. नंतर दर आठवड्याला आवळत बसू नये.

चिरा पाडलेला धातूचा बुश लोखंडी नळीत अधिक घट्ट धरतो आणि तो चेपत नाही, हे खरे. मात्र तो थरथर जशीच्या तशी आरशापर्यंत नेतो, आणि पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत तो जास्त आवळल्यास नळीचे टोक फुगते किंवा चिरते. एका सिलिंडरच्या गाडीला आणि लोखंडी हँडलला मी मापाचा रबरी बुशच पसंत करीन.

उजवी बाजू: रेस परत येते का?

डावा आरसा फिरला तर गैरसोय होते. उजवीकडे चूक झाली तर रेस अडकते, आणि गाडी थांबवायच्या वेळी ती पुढे जाते. उजवी ग्रिप ज्या प्लॅस्टिकच्या नळीवर असते ती हँडलवर मोकळी फिरते. बार-एंड आरशाची चकती त्या नळीच्या टोकाला टेकली तर रेस सोडल्यावर ती झटकन परत न येता सावकाश सरकते किंवा मध्येच राहते. माझ्या गाडीत नेमके हेच होत होते. ग्रिपचे बंद टोक ब्लेडने कापले होते, पण आतली प्लॅस्टिकची नळी हँडलच्या टोकापेक्षा थोडी बाहेर होती. बोल्ट ढिला असताना काही जाणवत नसे. मी तो पाव फेरा आवळला की रेस जड होई. म्हणजे डाव्या आरशाचा त्रास मिटवायला मी जी सवय लावून घेतली होती, तीच उजवीकडे घातक ठरत होती.

चकती आणि रेसची नळी यांच्यात दीड ते दोन मिलिमीटर फट दिसलीच पाहिजे. ती नसेल तर क्लँप दाबून बसवण्यापेक्षा बुशच्या चकतीखाली, हँडलच्या कडेला टेकणारी एक धातूची चकती घालावी. तिचा बाहेरचा व्यास हँडलपेक्षा मोठा नसावा, नाहीतर तीच नळीला घासेल. मग इंजिन बंद ठेवून हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत रेस पूर्ण पिळून सोडावी. तिन्ही वेळा तिने टक्कन आवाज करून परत आले पाहिजे. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्ही टोकांना फिरवावे. इंजिनाचा आवाज वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जात आहे. ही चाचणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

त्याच वेळी ब्रेक आणि क्लचचे लिव्हर पूर्ण दाबून त्यांची टोके दांडीला लागत नाहीत ना, आणि आरसा खाली लटकवला असेल तर हँडल पूर्ण वळवल्यावर तो टाकीला किंवा गुडघ्याला लागत नाही ना, हे पाहून घ्यावे.

हँडलच्या टोकाचे वजन काढताना

काही गाड्यांना कंपनीकडूनच हँडलच्या टोकाला वजने बसवलेली असतात. ती बोल्टने नळीच्या आत जोडलेल्या नटात किंवा आतल्या वजनात बसतात. आरसा बसवण्यासाठी आतले वजनही उपटून काढणारे कारागीर आहेत. तसे करू देऊ नये. ते वजन थरथर कमी करण्यासाठी असते, आणि ते गेले की आरशातले चित्र धूसर होते व तासाभराच्या प्रवासानंतर हाताला मुंग्या येतात. अशा हँडलला फुगणारा बुश न वापरता मूळच्याच आट्यांत बसणारा लांब बोल्ट आणि अ‍ॅडॉप्टर घ्यावा. बोल्ट आत निदान आपल्या व्यासाइतका, म्हणजे एम-६ असल्यास ६ मिलिमीटर तरी, शिरायला हवा; आठ-नऊ असेल तर उत्तम.

आरसा फिरत नाही पण ठरावीक आरपीएमवर धूसर होतो, ही तक्रार वेगळी आहे आणि ती आवळून जात नाही. दांडी आखूड घेणे किंवा टोकाला वजन वाढवणे, एवढेच उपाय मला लागू पडलेले दिसले.

आट्यांना लावायच्या द्रवाबद्दल सावध राहावे. नट-बोल्ट सुटू नये म्हणून मिळणारा निळा, मध्यम ताकदीचा लॉकिंग द्रव धातूवर धातू असेल तिथे योग्य आहे. तो हवेपासून तुटल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो आणि पूर्ण पकडायला साधारण चोवीस तास घेतो. मात्र तो काही प्रकारच्या प्लॅस्टिकला तडे पाडतो. मी तो काचेमागच्या बॉल जॉइंटला लावला होता. तीन आठवड्यांत डबीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या आणि एके सकाळी काच माझ्या हातात आली. शिवाय बुश नळीत फिरत असेल तर बोल्टच्या आट्यांना हा द्रव लावून काहीच साधत नाही, कारण तिथे आटे सुटतच नसतात.

जुने आरसे लगेच काढू नयेत. नव्या आरशांच्या रेघा पाचशे किलोमीटर न तुटता राहिल्या की मगच काढावेत. यामाहाच्या अनेक गाड्यांवर मूळच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तो सुटत नाही म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिल्यास लिव्हरच्या जोडाचे आटेच निघतात.

बुश बाहेर काढायचा झाल्यास बोल्ट पूर्ण उलगडू नये. चार-पाच फेरे ढिला करून त्याच्या डोक्यावर लाकडाच्या ठोकळ्याने एक-दोन हलके टोले द्यावेत, म्हणजे शंकू रबरातून सुटतो आणि सगळे एकत्र बाहेर येते. मी पहिल्यांदा बोल्ट पूर्ण काढला, तेव्हा शंकू नळीत पडला आणि हँडलच्या वाकणापर्यंत घरंगळत गेला. तो लोखंडी नसल्याने चुंबकाला दाद देईना. शेवटी हँडल उतरवून, टोक खाली करून झटकावे लागले. गंजाच्या चिमूटभर भुकटीसोबत शंकू पायाशी पडला आणि त्याच्या मागोमाग ग्रिप बसवणाऱ्या कोणाचा तरी विसरलेला एक वॉशर.